विश्वस्त म्हणजे मालक नव्हे

संस्थेचा विश्वस्त होणे हा आपल्या समाजात मान समजला जातो. कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापून येते, जयंतीला व्यासपीठावर खुर्ची मिळते. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी किती जण वर्षातून एकदा तरी संस्थेची कीर्दवही उघडून पाहतात? आम्ही बी.कॉम. झालो, आयुष्य कारकुनीत चालले आहे, त्यामुळे वही दिसली की उघडायची खोड आम्हाला लागली आहे. त्यापायी काही माणसे दुखावली गेली. तरी ती सोडावी असे वाटत नाही.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची रचना वाचकांनी जरूर पाहावी. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, पण कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. शिवतरकर चिटणीस आणि जाधव खजिनदार. म्हणजे वजनदार नावाला मान दिला, पण कारभार ज्यांचे दुःख होते त्यांच्याच हाती ठेवला. आणि कागद एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे! आज आपल्या अनेक संस्थांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि शिपाई ही चारही कामे एकच माणूस करतो आणि वर आपण त्याचे कौतुक करतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, बौद्ध भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम माहीत होते. अडीच हजार वर्षांपूर्वी संघात जे पाळले जाई, ते आपल्या बैठकीत का पाळू नये? कोरम नसताना बैठक उरकायची आणि राहिलेल्या सह्या घरोघर फिरून घ्यायच्या, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

आमच्या वस्तीतल्या एका संस्थेचे उदाहरण देतो. नाव लिहीत नाही. गिरणी कामगारांनी पगाराच्या दिवशी वर्गणी काढून बांधलेली एक खोली, त्यात संध्याकाळी अभ्यासिका, सकाळी बालवाडी. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे सर्वांचे दादा. दादांनी संस्थेचा एक पैसा खाल्ला नाही, हे आम्ही शपथेवर सांगू. पण दादा एकटेच संस्था होते. खजिनदार कोऱ्या चेकवर सही करून ठेवायचे, "दादा आहेत ना" म्हणायचे. कागद लावून द्यायला आम्हाला बोलावले, तेव्हा धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढला. त्यावर सात विश्वस्त. त्यातले चार वारलेले! बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत तो कळवावा लागतो. एका दिवंगत विश्वस्ताचा मुलगा तर "बापाची जागा माझी" म्हणून बैठकीला येऊन बसत असे. विश्वस्तपद म्हणजे काय रेशनकार्ड आहे, वारसाचे नाव चढवायला?

अशात बिल्डरचे पत्र आले. जागा द्या, नव्या इमारतीत हॉल देतो. दादांच्या मनात चांगलेच होते. पोरांना मोठी अभ्यासिका मिळेल असे त्यांना वाटले. हयात तिघांनी सह्या करायच्या ठरवल्या. आम्ही अडवले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, त्याचे कलम ३६ सांगते की संस्थेची स्थावर मिळकत विकायची, बदल्यात द्यायची, बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. कारण ती खोली दादांची नाही, आमचीही नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या नातवंडांसाठी ती राखायची आहे. दादा संतापले. "तू मला कायदा शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून मी ही संस्था चालवतो." त्यांचे वय पाहून आम्ही गप्प बसलो, पण सही होऊ दिली नाही.

मग सर्वसाधारण सभा बोलावली. तिथे बालवाडीत खाऊ शिजवणाऱ्या मावशी उठल्या. त्या शिकलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर आमचा इस्वास हाय. पर तुमच्यामागं आम्ही कोणाला इचारायचं?" सभेत कोणी बोलेना. आमच्या कलमांनी जे झाले नाही ते त्या एका प्रश्नाने झाले. दादांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "निवडणूक घ्या."

सात जण निवडून आले, त्यांत तीन बाया. मावशी त्यांतल्या एक. आता दर महिन्याला जमाखर्च वाचला जातो. वाचता येत नाही म्हणून मावशींना कोणी वगळत नाही, उलट त्याच प्रत्येक व्हाउचरला "हे कशाचं?" म्हणून अडतात आणि खजिनदाराला घाम फुटतो. एका विश्वस्ताच्या भाच्याला रंगकामाचे काम द्यायचा विषय निघाला, तेव्हा त्या विश्वस्ताला बाहेर बसवून ठराव झाला. त्यांना राग आला, पण इतिवृत्तात तशी नोंद आहे. दोघांचा विरोध होता, तोही नावानिशी लिहिला आहे. ३१ मार्चला हिशेब बंद करून तपासनिसाकडे जातात आणि ताळेबंदाची एक प्रत अभ्यासिकेच्या दारावर चिकटवली जाते. पोरे येता-जाता वाचतात. एकाने तर बेरजेतली चूक काढली, ती टायपिस्टची निघाली.

बदल अर्ज मुदतीत दाखल केला. त्या "बापाच्या जागे"वाल्याने हरकत घेतली आहे, म्हणून सुनावणी चालू आहे. तारखेला दादा आमच्याबरोबर येतात, पिशवीत जुनी पावतीबुके घेऊन. आमच्याशी अजून फारसे बोलत नाहीत. बिल्डरचे पत्र फाइलमध्ये आहे, त्यावर कोणाचीही सही नाही.