एका बहिःस्थ विद्यार्थिनीचे लीळाचरित्र-वाचन

नोकरी आणि संसार सांभाळून प्रौढ वयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या व्यक्तीच्या चिकाटीचे कौतुक होते. तिच्या वाचनाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. महाराष्ट्रात अशा शिक्षणाची दारे टप्प्याटप्प्याने उघडत गेली. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. परंतु या दारांतून आत येणारी व्यक्ती स्वतःसोबत काय घेऊन येते, हा प्रश्न तसा अस्पर्शितच राहिला आहे. त्याचे एक उत्तर स्वानुभवाच्या आधारे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. वयाच्या ४३व्या वर्षी मराठी विषयात एम. ए. करण्यासाठी मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदविले. "याने बढती लवकर मिळते का?" असे कार्यालयात विचारण्यात आले. "आता शिकून कुणाला दाखवायचंय?" असे सासूबाईंनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोहोंचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पहाटेचे दोन तास आणि रविवारची संपर्कसत्रे एवढ्यावर अभ्यास चालला. त्या वेळेची किंमत घराने मोजली, हे नमूद केले पाहिजे.

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेसाठी लीळाचरित्र नेमलेले होते. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ साली प्रसिद्ध झालेली प्रत मी वाचू लागले. तरुण सहाध्यायांना त्या गद्याची भाषा अडत होती. मलाही अडत होती. मात्र ग्रंथाची घडण मला अनपेक्षितपणे ओळखीची वाटली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी मिळविल्या, पडताळल्या आणि लिहून काढल्या. मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली व स्मरणाच्या आधारे ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणूनच या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आहेत. एखाद्या प्रसंगाविषयी आठवणींत भेद असेल, तर तो भेद 'वासना' म्हणून नोंदविलेला आढळतो.

महसूल खात्यात ज्याने तक्रारी फेरफाराची प्रकरणे हाताळली आहेत, त्याला ही पद्धती परकी वाटणार नाही. नोटिसा बजावल्या जातात, हरकती येतात, जबाब घेतले जातात. एकाच बांधाविषयी तीन माणसे तीन गोष्टी सांगतात. फरक इतकाच, की कार्यालयाला अखेरीस एकच नोंद प्रमाणित करावी लागते. म्हाइंभटांना तशी घाई नव्हती. निर्णय देण्याइतकेच भेद जपणे हेही ज्ञानाचे काम असू शकते, ही गोष्ट वीस वर्षांच्या नोकरीने मला शिकविली नव्हती. ती या ग्रंथाने शिकविली.

दुसरी गोष्ट अधिक खोल गेली. लीळाचरित्रात स्त्रिया पुष्कळ आहेत. बाइसा, महदाइसा प्रश्न करतात, शंका घेतात, हट्टही धरतात आणि ते त्यांच्या नावानिशी नोंदले जाते. आमच्या दप्तरात स्त्रीचे नाव बहुधा दोन वेळी येते: वारस म्हणून लागताना आणि हक्क सोडताना. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही भावांसाठी हक्कसोड करणाऱ्या बहिणींची रांग सरलेली नाही. त्यांच्या जबाबांची भाषा ठरलेली असते: 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय'. ही वाक्ये त्या बायकांची नसतात. ती नमुन्याची असतात.

त्या वर्षापासून जबाब घेण्याचे काम माझ्याकडे आले, की मी बाईला प्रथम बोलू देते आणि तिचे शब्द शक्यतो तसेच उतरविते. एकीने लिहविले, "माहेर तुटू नये म्हणून सोडते." कायद्याच्या दृष्टीने या वाक्याने काय बदलते, हे ठरविणे माझ्या अधिकारात नाही. पण दप्तरात आता ते वाक्य आहे.

प्रौढ विद्यार्थ्याच्या अनुभवाला अभ्यासक्रमात स्थान द्यावे, असे म्हणताना अनुभवाचा गौरव अभिप्रेत नाही. अनुभव साहित्यकृतीवर लादला, तर वाचन उथळ होते. तो साहित्यकृतीसमोर तपासणीसाठी ठेवला, तर दोहोंवर प्रकाश पडतो. यासाठी विभागांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत: रविवारी ग्रंथालय उघडे ठेवणे, आणि बहिःस्थ विद्यार्थ्यांनाही एका प्रश्नपत्रिकेऐवजी स्वतःच्या कार्यक्षेत्राशी निगडित लघुप्रबंधाचा पर्याय देणे. शेतकरी, परिचारिका, वाहक, तलाठी यांच्यापाशी भाषेचे असे व्यवहार आहेत, जे पूर्णवेळ अभ्यासकाला सहसा दिसत नाहीत. त्यांची नोंद व्हावयाची, तर ती त्यांनीच करावी हे उत्तम.