चौदशीचं पान

आमच्या घरी पितृपंधरवड्यात म्हाळ दोनदा असतो. एकदा तिथीला सगळ्या पितरांचा आणि दुसऱ्यांदा भाद्रपद वद्य चतुर्दशीला, एकाच माणसाचा. हत्यारानं, लढाईत गेलेल्यांसाठी पंचांगानं हा दिवस राखून ठेवलेला आहे. लग्न होऊन मी सातारा तालुक्यातल्या या घरात आले तेव्हा पहिल्याच भाद्रपदात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बजावलं होतं की चौदशीच्या स्वयंपाकात काही कमी पडू द्यायचं नाही. "त्यो माणूस उपाशी गेलाय," एवढंच त्या म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलते. सुनांनी नाव घ्यायचं नाही, म्हणून घरातल्या बायका त्यांना 'बसऱ्याचे आबा' म्हणत आल्या. पहिल्या महायुद्धात ते 117 नंबरच्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले. बसऱ्याला उतरलेली फौज तैग्रीस नदीच्या काठाकाठानं वर सरकली, बगदादच्या अलीकडं तिला मागं यावं लागलं आणि डिसेंबर 1915 मध्ये कूट नावाच्या गावात ती तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिचं नावच पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. वेढा उठवायला आलेल्या फौजा पुन्हा पुन्हा मागं रेटल्या गेल्या. आत पीठ संपत आलं, तेव्हा घोडी मारून खायला दिली. आपल्या शिपायांनी धर्म आड आला म्हणून बरेच दिवस ते मांस तोंडात घेतलं नाही. 29 एप्रिल 1916 ला कूट पडलं, जवळपास 13,000 माणसं कैद झाली आणि त्यातली हजारो पुढं वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेली. हे सगळं मी नंतर वाचलं. आत्याबाईंना यातलं कूट हे नावसुद्धा ठाऊक नव्हतं, पण उपाशी गेले हे ठाऊक होतं. बहुधा कैदेतून परतलेल्या कुणीतरी ते गावात सांगितलं असावं.

आबांचं शरीर आलं नाही. आली ती काशाची एक जाड, गोल तबकडी. ती आमच्या देव्हाऱ्यात आहे. हाताच्या पंजाएवढी, उचलली की वजन जाणवतं. तिच्यावर एक बाई उभी आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात पानांचा हार पुढं धरलेला आणि पायाशी सिंह. ही ब्रिटानिया. साम्राज्याच्या फौजांतून युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं ही तबकडी पाठवली होती, अशा तेरा लाखांहून अधिक ओतल्या गेल्या. आमच्या घरात त्रिशूळ आणि सिंह बघितल्यावर ती कोण हे कुणाला विचारावं लागलं नाही. तिला हळदीकुंकू वाहिलं गेलं आणि शंभर वर्षं ते वाहिलं जातंय. सिंहाच्या आयाळीत कुंकू इतकं बसलंय की चिंचेनं घासूनही निघत नाही. हाराच्या खाली एका चौकटीत आबांचं नाव उठावाच्या अक्षरांत आहे. पुढं हुद्दा नाही. मेल्यावर लहानमोठा राहत नाही म्हणून तो मुद्दाम घातला नव्हता. कडेनं लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न मला दर वर्षी ती तबकडी घासताना टोचतो. आबांना तो कुणी विचारला नव्हता.

पूर्वी ती घासायचा मान आबांच्या बायकोचा होता. थोरल्या आई. आत्याबाई या घरात आल्या तेव्हा त्या हयात होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या असताना नवरा बोटीनं गेला, आणि तो गेल्याचा कागद इतका उशिरा आला की मधल्या काळात त्या कुंकू लावून फिरत होत्या. मग ते पुसलं गेलं. पेन्शन आणायला त्या साताऱ्याला जात आणि अंगठा उठवून येत. आत्याबाई सांगायच्या की चौदशीला थोरल्या आई कुणाशी बोलत नसत. तबकडी घासून देव्हाऱ्यात ठेवत, मग परसात जाऊन बसत आणि कावळा शिवेपर्यंत घरात येत नसत.

आमच्या भागात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. जवळच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात मेले. आमच्याही गावात चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे. गावातून लढाईवर किती गेले आणि त्यातले किती मेले, असे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकही नाही. लहानपणापासून ती पाटी बघणाऱ्या माणसांनाही त्यातले आपले कोण हे सांगता येत नाही. आकडा वाचून कुणाच्या पोटात कालवत नाही, मग दगड कितीही चांगला असो.

आबांचं नाव कुठंतरी कोरलेलं असेल अशी माझी समजूत होती. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर बघता येतात हे माझ्या मुलाला कळलं आणि एका रात्री तो शोधत बसला. गावाचं नाव इंग्रजीत कसकसं लिहिलं असेल याचे सगळे प्रकार त्यानं घालून पाहिले. शेवटी सापडलं. पलटण 117 मराठा, एप्रिल 1916 मधली तारीख, आणि खाली लिहिलेलं, अमुक अमुक हिचा नवरा, गावाचं नाव, सातारा, मुंबई इलाखा. थोरल्या आईंचं नाव! त्यांना एक अक्षर लिहिता येत नव्हतं आणि त्यांचं नाव तिकडच्या दप्तरात शंभर वर्षं पडून होतं. मी आत्याबाईंना उठवून सांगितलं. त्या अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "परत एकदा वाच." सुनेनं घ्यायची नाहीत ती दोन्ही नावं मी मोठ्यानं वाचली.

नोंदीत दिलेलं स्मारक बसऱ्याचं होतं. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा 40,500 हून अधिक लोकांसाठी 1929 मध्ये ते उभं राहिलं. पुढं वाचत गेलो तसा मुलाचा आवाज बदलला. ब्रिटिश अधिकारी आणि गोरे शिपाई तिथं नावानिशी आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यात कोरलेत. नावं कागदावर होती, दगडावर घेतली नाहीत. फ्रान्समध्ये नव शापेलला हिंदी शिपायांची नावं दगडावर घेतली, म्हणजे येत नव्हतं असं नाही. 2021 मध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या हजारो सैनिकांचं स्मरण असमान झालं, लाखाहून अधिक जणांचं तर नावानं झालंच नाही, आणि त्याबद्दल माफी मागितली. माफी मागितली हे बरं झालं. पण घरी पाठवलेल्या तबकडीवर हुद्दासुद्धा न लिहिणारे आणि बसऱ्याच्या दगडावर हुद्दा बघून नाव गाळणारे लोक एकाच साम्राज्याचे होते, हे मला आजही सहन होत नाही.

आता तारीख मिळाली होती. मुलानं त्यावरून तिथी काढली आणि आजीला विचारलं, "म्हाळ त्या तिथीला घालायचा का?" शिवाय आबा गोळीनं गेले की भुकेनं हेही नोंदीत नव्हतं, त्यामुळं चौदस लागू होते का, अशी शंका त्यानं काढली. आत्याबाई म्हणाल्या, "लढाईत गेला का न्हाई? मग झालं. आन् चौदस काय त्यांच्या एकट्याची हाय व्हय?" तिथी बदलली नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मी नंतर जाऊन आले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांचं ते स्मारक आहे. 2019 मध्ये उघडलं तेव्हा तिथं 25,942 नावं होती, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक. एक म्हातारं जोडपं एका विटेसमोर उभं होतं आणि बाई ती वीट पदरानं पुसत होत्या. विटेवर धूळ नव्हती.

शेजारच्या गावातला एक जवान दोन वर्षांपूर्वी काश्मिरात गेला. आमच्या नात्यातलंच घर. फुलांनी मढवलेली लष्कराची गाडी, रस्त्याच्या दोन्ही कडांना शाळेची मुलं, 'अमर रहे'च्या घोषणा, पुढारी, कॅमेरे. बिगुल वाजला, हवेत फैरी झडल्या, जवानांनी पेटीवरचा तिरंगा घडी करून त्याच्या बायकोच्या हातात दिला. त्या घडीचं काय करायचं हे न कळून ती पोर तो पोटाशी धरून उभी राहिली. मी तिच्या मागं होते. सन्मान व्हायलाच हवा, तो मनापासून केला जातो, हेही मी बघितलंय. पण दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो. मग ते घर असतं आणि ते नाव असतं.

वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपद जवळ आला, तेव्हा त्या मुलाची आई आमच्याकडं आली. म्हाळ कधी घालायचा, कसा घालायचा, घरात कुणी नीट सांगत नव्हतं म्हणाली. आत्याबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. पहाटे उठून सडा घालायचा. खीर, कढी, वडे, गवारीची शेंग, भोपळा करायचा. शेणीच्या निखाऱ्यावर आगारी टाकायची. पान कौलावर ठेवायच्या आधी घरातल्या पुरुषानं त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचं, बापाच्या नावासकट, पुटपुटायचं नाही.

"त्याला गवार आवडत नव्हती," ती म्हणाली. "लहानपणापासनं ताटात बाजूला काढायचा."

"मग नको करू," आत्याबाई म्हणाल्या. "काय खायचा त्ये कर."

"मॅगी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

आत्याबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "कर की. चौदशीला कर."