पावसातील निशात बाग

श्रीनगरच्या दल सरोवराच्या पूर्वतीरावर, झबरवान पर्वताच्या पायथ्याशी वसलेली निशात बाग वाचकांपैकी पुष्कळांनी निदान चित्रात तरी पाहिली असेल. ते चित्र बहुधा ठरलेले असते. पुढे फुलांचे ताटवे, मध्ये कारंज्यांची ओळ, मागे निळा डोंगर आणि वर धुऊन वाळत घातल्यासारखे आकाश! आमच्या थोरल्या वहिनींना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. त्यांनी निघतानाच बजावले होते, "भावोजी, डोंगर नि तळे दोन्ही फोटोत येऊ द्या हो, म्हणजे मलाही तेथे जाऊन आल्यासारखे वाटेल."

आम्ही गेलो ते चैत्राच्या अखेरीस. बागेसाठी हाती एकच दिवस होता, आणि नेमका त्याच दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. काश्मीरचा पाऊस आपल्या मृगाच्या पावसासारखा नव्हे. मोसमी वाऱ्यांना पीर पंजालची रांग आडवी येते. तिकडचा बराचसा पाऊस पश्चिमेकडून, हिवाळ्यात आणि वसंतात येतो. तो कोसळत नाही, नुसता झिमझिमत राहतो आणि हाडे गारठवितो. मंडळी शेगडीभोवती बसली. मी आणि धाकटा पुतण्या मात्र छत्र्या घेऊन निघालो. कॅमेरा त्याचा, हौस माझी.

पाहतो तो डोंगर नाही आणि सरोवरही नाही! दोन्ही ढगांनी गिळलेले. उरली होती ती केवळ बाग. आणि ती रचली कशी आहे, हे मला वाटते त्यामुळेच नीट दिसले. नूरजहानचा भाऊ असफखान याने ती १६३३ साली उभारली. इराणी धर्तीच्या बागेत पाणी मध्यभागी असते आणि तेथून चार दिशांना पाट निघतात. येथे जमीन उताराची आणि पाणी डोंगराकडून येणारे. म्हणून तो चौकोन सोडून पाण्याची एकच सरळ रेघ ओढली आहे. बारा राशींचे म्हणून बारा टप्पे, आणि त्यांवरून ती रेघ सरोवराकडे उतरत जाते. कालवा तेरा फूट रुंद, आणि खोली किती म्हणाल तर अवघी आठ इंच! तरी तो काठोकाठ भरलेला दिसतो. थोड्या पाण्यात भरपूर ऐश्वर्य दाखविण्याची ही युक्ती मला फार आवडली. ही बाग शहाजहानच्या मनात भरली. असफखान ती देईना, तेव्हा बादशहाने रागाने तिचे पाणीच तोडविले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात या बागेचे मर्म बरोबर सापडते. फुले गेली तरी निशात ही निशातच राहील. पाणी गेले तर उरतील केवळ पायऱ्या.

प्रत्येक टप्प्यावरून पाणी ज्या उतरत्या शिळेवरून खाली येते, तिला चादर म्हणतात. (बाग, गुलाब, हौद, चादर! जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या माझ्या घरात उद्यान आणि पुष्करिणी कोणी म्हणत नाही, हेही येथेच ध्यानात आले.) शिळेवर खवल्यांसारखी नक्षी कोरलेली असते. तिच्यावर आपटून पाणी फुटते, पांढरे होते आणि बोलू लागते. त्याचे छायाचित्र सावकाश घेतले तर दुधाची साय दिसते आणि नक्षी बुडते. सेकंदाच्या २५०व्या भागात घेतले तर थेंब न् थेंब सुटा होतो. आम्ही दोन्ही घेतली; मला दुसरे खरे वाटले. मळभाचा पांढरेपणाही कॅमेऱ्याला फसवितो. समोर उजेड फार आहे असे समजून तो चित्र काळवंडून टाकतो, म्हणून उजेड मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. उलट, ऊन नसल्यामुळे काळ्या सावल्या नाहीत, आणि भिजलेल्या चिनाराच्या सालीवरचे करडे, पिवळे, हिरवट ठिगळ जसे उठून दिसतात तसे उन्हात दिसत नाहीत. दर दोन चित्रांमागे मात्र भिंग पुसावे लागे, आणि ते काम माझ्या उपरण्याने केले.

फाटकाजवळच्या आडोशाला प्रवाशांना काश्मिरी पोशाख चढवून फोटो काढणारे चारपाच जण गाठोडी न सोडताच बसले होते. त्यांचा तो दिवस रिकामा गेला. पाऊस आम्हांला मौजेचा होता, त्यांना नव्हता.

दुपारपर्यंत ढग हलला नाही. पुतण्या म्हणाला, "काका, कशाला थांबायचे? कालच्या फोटोतला डोंगर मी यात असा बेमालूम बसवितो की कोणाला कळायचे नाही." अलीकडे हे खरोखर दोन मिनिटांचे काम आहे, आणि वहिनींना आनंदही झाला असता. मी त्याला नको म्हटले. वहिनींनी डोंगर मागितला तो तेथे जाऊन आल्यासारखे वाटावे म्हणून. आणि त्या दिवशी जो तेथे गेला त्याला डोंगर दिसला नाही! "डोंगराच्या जागी ढग आहे, एवढे मागे लिहून देऊ," मी म्हणालो. त्याला ते पटले नसावे. तो काही बोलला नाही.

जनान्याच्या वरच्या टप्प्याकडे जाताना एक वृद्ध माळी भेटला. फिरन गुडघ्यापर्यंत खोचून तो चादरीच्या खवल्यांत अडकलेली काडी आणि पाने बोटांनी काढीत होता. एक पान अडकले की धार दुभंगते आणि आवाज बदलतो, असे त्याने सांगितले. फोटो काढू का, असे पुतण्याने विचारले, तेव्हा हाताचा काढा, तोंडाचा नको, असे तो म्हणाला. त्याप्रमाणे भिजलेली शिळा, फुटणारे पाणी आणि त्यात रुतलेली पाच बोटे एवढेच त्या चित्रात आले आहे.