एकास सहा

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी मोटारसायकल चालवणे सोडले. मधुमेह घरी मुक्कामाला येऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले, तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला आणि विचारले, "कुठे लागतंय?" तंतू टेकवून झाला होता, हे मला कळलेच नव्हते. माझी बुलेट जुन्या बांधणीची; तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. पायाखाली ब्रेक किती दाबला गेला हे पायालाच कळावे लागते. भर रस्त्यात खाली वाकून पाहण्याची सोय नसते. महिन्याभरात गाडी विकली. निर्णय माझाच होता, तरी त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. मी गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखत असे, आणि माझ्या सौभाग्यवतींना ते ऐकवत नसे.

अशा दिवसांत लेकीने एक मोठे खोके पाठवले. आत होंडाच्या 'सीबी ७५०' या मोटारसायकलची प्रतिकृती जुळवण्याचा तामिया कंपनीचा संच होता. प्रमाण एकास सहा, म्हणजे मूळ गाडीच्या सहा सेंटिमीटरांना येथे एक. खरी गाडी दोन मीटरांहून थोडी लांब; ही जुळल्यावर ३६ सेंटिमीटरांच्या आसपास भरते. या वयात खेळणे कसले, असे प्रथम वाटलेच. पण १९६९ साली बाजारात आलेल्या या गाडीची छायाचित्रे आमच्या पिढीने परदेशी मासिकांत डोळे भरून पाहिली होती. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध. प्रत्यक्ष दर्शन दुर्लभच. ७३६ सीसीचे इंजिन, त्यात शेजारी शेजारी आडवे मांडलेले चार सिलिंडर, प्रत्येकाचा स्वतंत्र सायलेन्सर, बटणावर सुरू होणारी गाडी आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. त्या काळी हे सारे एकाच गाडीत असणे म्हणजे नवलच होते.

प्लॅस्टिकच्या चौकटींना शेकडो भाग लटकलेले असतात. ते ओढून तोडायचे नाहीत. कटरने थोडे अंतर राखून कापायचे आणि उरलेला कोंब पॉलिशपेपरने हलकेच घासायचा. गोंद लावण्यापूर्वी दोन भाग नुसतेच एकमेकांत बसवून पाहायचे, ही सवय पहिल्या आठवड्यातच जडली. हा गोंद फेव्हिकॉलसारखा नव्हे. तो दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि द्राव उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून खिडकी उघडी हवी. दम्याच्या माणसाने तर या वाटेला जपूनच जावे. क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर हा गोंद धरत नाही; जोडाच्या जागी मुलामा खरवडून आतले प्लॅस्टिक उघडे करावे लागते. चकचकीत सायलेन्सरवर पाते चालवताना जिवावर आले, पण चालवले.

बोटांचा प्रश्न मात्र खरा होता. तळपायांइतकी नाही, तरी बोटांच्या टोकांची जाणीवही माझी मंदावलेली आहे. बारीक स्क्रू बोटात आहे की निसटला, हे डोळ्यांनीच पाहावे लागे. त्यासाठी उपाय सापडत गेले. दोन्ही मनगटे टेबलावर टेकवली की हात स्थिर राहतो. पांढऱ्या कापडावर, काठ असलेल्या ताटात काम केले की पडलेला भाग पळून जात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला जवळचा चष्मा आणि बाजूने येणारा दिवा, एवढ्याने इंजिनवरच्या बारीक पंख्याही स्पष्ट दिसू लागल्या. पात्याला मी अजूनही वचकून असतो. जखम झालेली न कळणे हे मधुमेह्याच्या नशिबी असते. म्हणून काम संपले की हात उजेडात धरून, उलटसुलट करून पाहतो.

एका संध्याकाळी चाक बसवताना हात फारच थरथरू लागला. वयाचा कंप म्हणून मी सोडून देणार, तोच सौभाग्यवती कपाळावरचा घाम पाहून यंत्र घेऊन आल्या. साखर ६४ होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती वर आली होती. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरच्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. माणूस कामात रमला असला तरी थरथर आणि घाम दिसला की आधी साखर पाहावी. तेव्हापासून टेबलावर घड्याळ आले. पाऊण तास झाला की उठायचे, चार पावले चालायचे. जेवणाची वेळ मात्र त्यांच्या हाती.

लेक दिवाळीला आली, तेव्हा क्लचची केबल बसत नव्हती. विनायलची ती नळी सुतळीहून बारीक. दोन वेळा सुटली, तशी ती म्हणाली, "बाबा, द्या इकडे, दोन मिनिटांत करते." तिची बोटे तरुण, तिने केलेही असते. सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अगं, राहू दे. त्यांचं त्यांना करू दे." केबल बसायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मला कोणी काही विचारले नाही, याबद्दल मी घरातल्या सर्वांचा ऋणी आहे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना हात पुढे करणे सोपे जाते. तो आवरून धरणे अवघड. ते मी स्वतः आईच्या आजारपणात अनुभवले आहे.

टाकीचा रंग हा सर्वांत आनंदाचा भाग. मूळ गाडीसारखी लखलखती लाल छटा हवी तर आधी चंदेरी रंग, तो पूर्ण वाळला की त्यावर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात. एकेका हातामध्ये धीर धरायचा. घाईने जाड थर दिला की ओघळ येतात. मी पाच हात दिले.

या गाडीचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे. पेडलचा तो तुकडा नखाएवढा. चिमट्यात धरून बसवला आणि बोटाने दाबून पाहिला. बोटाला तो लागला.

गाडी आता पुस्तकांच्या कपाटात, काचेमागे उभी आहे. धूळ पुसण्याचे काम सौभाग्यवतींनी आपणहून घेतले आहे, आणि मोबदला म्हणून मागणीही केली आहे : "अहो, पुढच्या वेळी स्कूटरचा संच मिळतो का बघा. मागे बसायला तीच बरी."