सहलीची तारीख

धर्मग्रामाची सहल ठरविताना ज्या गोष्टींची चर्चा होते त्यांची यादी बहुधा सर्वत्र सारखीच असते. बस किती आसनांची, वर्गणी किती, न्याहारीला पोहे की उपमा, मिस्सा निघण्यापूर्वी की पोहोचल्यावर, आणि संगीतखुर्चीची बक्षिसे कोणी आणावयाची. सहल डोंगरावर किंवा धरणाकाठी जाणार असेल तर एवढे पुष्कळ झाले. समुद्रावर जावयाचे असेल तर मात्र आधी समुद्राला विचारावे लागते, आणि ते विचारणे आपल्या यादीत क्वचितच असते.

२०२५ च्या जुलै महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या धर्मग्रामात रत्नागिरीच्या सहलीचा विषय निघाला. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हापासून घाटावरचे आम्ही आणि किनाऱ्यावरचे ते एकाच धर्मप्रांताची लेकरे झालो आहोत. पण आमच्यापैकी अनेक मुलांनी समुद्र फक्त चित्रपटात पाहिला होता. तरुणांनी १५ ऑगस्ट ही तारीख सुचविली. त्यांची कारणे चांगली होती. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, त्यात तो दिवस शुक्रवारचा, आणि पावसाने हिरवागार झालेला आंबा घाट. भूगोल शिकविण्यात माझी हयात गेली असल्याने कार्यक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आले. मी तारखेलाच विरोध केला, तेव्हा सभेतील वातावरण थोडे थंडावले.

एका तरुणाचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. त्या वर्षी नारळी पौर्णिमा १५ ऑगस्टच्या आधीच येत होती. कोळी दर्याला नारळ देतात म्हणजे समुद्र खुला झाला, मग आपण का घाबरावे? यंत्रनौकांच्या मासेमारीवरील बंदी तर १ जून ते ३१ जुलै एवढीच असते. याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा दर्यावर जगलेल्या माणसाकडून घ्यावे असे मला वाटले. रत्नागिरीच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या ओळखीने राजिवड्याच्या एका वृद्ध तांडेलांशी बोलणे झाले. सारे त्यांना चाचा म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

"सर, नारळ दिला म्हणजे आम्ही निघतो," ते फोनवर म्हणाले. "तुमच्या पोरांना आंघोळीला बोलावलं असा त्याचा अर्थ नाही. आमची होडी लाटा फोडून पलीकडे जाते. तुमची पोरं लाट फुटते तिथेच उभी राहणार."

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने उसळलेला समुद्र पौर्णिमा पाहून शांत होत नाही. लाटांची उंची ऑगस्टभर टिकून असते, आणि पावसाळ्याने किनाऱ्याजवळची वाळू उकरून तळाचा आकारच बदललेला असतो. जिथे गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होते तिथे खड्डा असू शकतो. पश्चिम किनाऱ्याचा पावसाळी इतिहास तरी काय सांगतो? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे मोठे जहाज रत्नागिरीच्याच मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळले. पोलादी जहाजाची ही गत, तर आमच्या बालवर्गाची काय कथा!

सभेत एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी मनापासून म्हटले, "मिस्सा करून निघू, देव सांभाळील." यावर आमच्या फादरांनी फार शांतपणे एवढेच सांगितले की मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभूने ती उडी टाकली नाही. तारीख २६ जानेवारी २०२६ वर गेली.

ही तारीख मी सुचविली ती केवळ कोरड्या ऋतूसाठी नव्हे. त्या दिवशी माघ शुद्ध अष्टमी होती. भिंतीवर कालनिर्णय असतो तो सणवार आणि दुधाचा हिशेब यांसाठी, असे आपण समजतो. पण त्यातील तिथीचा रकाना समुद्राचे घड्याळही आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात. त्या दिवसांत भरती मोठी, ओहोटीही मोठी, म्हणजे उधाण. अष्टमीला ते एकमेकांशी काटकोनात असतात. पाणी कमी चढते, कमी उतरते, त्याला भांग म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेबही सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईचा. रत्नागिरीला पाणी त्याहून थोडे आधी चढते.

आता सहलीचा दिवस यावर बसवून पाहावा. कोल्हापूरहून पहाटे निघालेली बस मलकापूर, आंबा, साखरपा करीत नऊच्या पुढे रत्नागिरीत पोहोचते. पौर्णिमेच्या दिवशी गेलो तर दुपारी जेवण करून मुले पाण्यात उतरतात नेमकी तेव्हा मोठी ओहोटी जोर धरते आणि पायाखालची वाळू समुद्राकडे सरकू लागते. अष्टमीला दुपारी पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असते. खडकांवरचे जीव, कालवे, खेकडे, समुद्रफुले दाखवावयाची असतील तर मात्र उधाणाची ओहोटी हवी. तेव्हाच खडक पुरेसे उघडे पडतात. दोन्ही एका सहलीत मिळत नाही. मुलांच्या आंघोळीसाठी मी खडक सोडून दिले, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्या पवित्र सप्ताहाचा आणि उधाणाचा जवळचा संबंध आहे. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी येतो, त्यामुळे शुभ शुक्रवार पौर्णिमेपासून कधीच फार दूर नसतो. २०२५ चा ईस्टर पौर्णिमेनंतर आठवड्याने, म्हणजे भांगाला आला. २०२६ चा, ५ एप्रिलचा, पौर्णिमेनंतर तीनच दिवसांनी, उधाण ओसरण्यापूर्वीच. ईस्टरच्या सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. शुभवर्तमानात मात्र भरती-ओहोटीचा उल्लेख सापडत नाही. गालील हे गोड्या पाण्याचे सरोवर. तेथे भय होते ते आजूबाजूच्या उंचवट्यांवरून एकाएकी कोसळणाऱ्या वाऱ्याचे. आणि त्या तारवात घाबरलेले शिष्य कोण होते? त्यांतले काही जातिवंत मच्छीमार होते. ज्यांना पाणी ठाऊक होते तेच ओरडले.

हा सारा हिशेब धर्मग्रामापुढे मांडण्यापूर्वी मी त्याची एक परीक्षा घेतली. दोन दुर्घटनांच्या तारखा काढल्या आणि जुन्या पंचांगात तिथी पाहिल्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. ऋतू कोरडा, आकाश निरभ्र. त्या दिवशी तिथी कोणती होती? कृष्ण अष्टमी. १९ जुलै २०२५ रोजी रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्यावर एकाच नात्यातील चौघे गेले. पावसाळा तर होताच. पण अष्टमी उलटून एकच दिवस झाला होता. मी बराच वेळ ते पंचांग पुढ्यात घेऊन बसून राहिलो. पंधरवड्यातील सर्वांत मवाळ पाण्याने ही माणसे नेली होती.

चाचांना हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. भांग होडीसाठी बरा, ते म्हणाले. पोहता न येणाऱ्याला छातीभर पाणी पौर्णिमेचेही तेवढेच आणि अष्टमीचेही तेवढेच. मग त्यांनी मला एक गोष्ट समजावून दिली, जी वर्गात शिकविताना मी कधी इतक्या सोप्या शब्दांत सांगितली नव्हती. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते. ती वाट जिथे असते तिथे लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही, पाणी गुळगुळीत दिसते. परगावचा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण त्याला ते शांत वाटते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर यावे. पण हे पोहता येणाऱ्यांसाठी. आमच्या बसमधील बहुतेकांना पोहता येत नव्हते.

म्हणून जागा निवडताना आम्ही फार काटछाट केली. रत्नागिरीला दोन समुद्र आहेत असे तेथील लोक सांगतात. मांडवीचा काळ्या वाळूचा काळा समुद्र, मिऱ्याचा पांढरा समुद्र, आणि मध्ये समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग. मिऱ्याला धूप थांबविण्यासाठी दगडी बंधारा आहे. तेथे पाहावे, उतरू नये. आरे-वारेचा वळणदार रस्ता बसमधून पाहण्यास अतिशय सुंदर; आम्ही तेवढाही टाळला, कारण एकदा बस थांबली की मुले आवरत नाहीत. राहिले भाट्ये. काजळी नदीच्या खाडीपलीकडे सुरूच्या बनाला लागून ही लांब, उतरती वाळू आहे. उत्तर टोकाला खाडीचे मुख, तेथे गाळाने पाणी फसवे. दक्षिण टोकाला डोंगराच्या पायथ्याचे खडक. दोन्ही टोके सोडून मधला तुकडा घ्यावा असे चाचांनी सांगितले, आणि आदल्या दिवशी स्वतः जाऊन त्यांनी तेथे दोन काठ्या रोवल्या.

त्यानंतर आम्ही नियम केले. ते करताना मुलांपेक्षा मोठ्यांनीच जास्त खळखळ केली. पाणी कमरेवर गेले की मागे फिरावयाचे. मुलांच्या जोड्या, प्रत्येकाला एक क्रमांक. पोहता येणारे चौघे पाण्यात मुलांच्या पलीकडे, समुद्राकडच्या बाजूला उभे राहतील आणि तेवढा वेळ स्वतः आंघोळ करणार नाहीत. बहिणींनी साडी नेसून पाण्यात जाऊ नये. ओली साडी पायांना गुंडाळते. या शेवटच्या नियमावर तर दोन रविवार कुजबुज चालली. अखेर आमच्या एका आजींनीच सलवार-कमीज आणण्याचे जाहीर केले आणि तो वाद मिटला.

२६ तारखेला रत्नागिरीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. सकाळचा मतलई वारा पडून दुपारचा खारा वारा सुटण्यापूर्वी होडी फिरवावी म्हणून आम्ही खाडीवर लवकर गेलो. तेथे एका होडीवाल्याने चाळीस जणांना एकाच फेरीत नेण्याची तयारी दाखविली. जीवरक्षक जाकिटे सहा होती. आम्ही दुसरी होडी पाहिली आणि जाकिटे असतील तेवढीच माणसे घेऊन, खाडीच्या तोंडाबाहेर न जाता, चार फेऱ्या केल्या. त्यात पाऊण तास जास्त गेला आणि संगीतखुर्ची रद्द झाली. ज्यांना पाण्याची हौस नव्हती ते ज्येष्ठ थिबा पॉइंटवरून खाडी पाहत बसले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली तो येथेच निवर्तला. ते ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, बिचाऱ्याला एवढा समुद्र दिला आणि होडी दिली नाही.

अडीच वाजता मुले पाण्यात उतरली. त्यांचा आनंद मी वर्णन करीत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना पहिली लाट अंगावर घेताना पाहिले आहे त्यांना ते ठाऊक आहे. चार वाजता चाचांनी शिट्टी वाजविली. क्रमांक मोजले. सत्तावीसपैकी सव्वीस भरले. एकोणीस क्रमांक उत्तर देईना.

ती पाच मिनिटे कशी गेली हे त्या वेळी किनाऱ्यावर असलेल्या कोणालाही नीट सांगता येणार नाही. पाण्यातले चौघे एका ओळीत हात धरून पुढे सरकू लागले, चाचा काहीही न बोलता चप्पल काढून पाण्याकडे निघाले. मुलाची आई ओरडली नाही. ती फक्त समुद्राकडे पाहत उभी राहिली. एकोणीस क्रमांक सुरूच्या बनात सापडला, आपल्या आजीच्या ओच्यात शिंपले भरून देत असलेला. शिट्टी त्याने ऐकली होती, पण तो कोरडा होता, म्हणून ती आपल्यासाठी नाही असे त्याला वाटले.

परतीच्या वाटेवर हातखंब्याला चहासाठी बस थांबली तेव्हा मुलांनी न सांगता क्रमांक म्हटले. आंबा घाटाच्या माथ्यावर पुन्हा म्हटले. मे महिन्यात पुन्हा जाण्याचा ठराव बसमध्येच मंजूर झाला. मेच्या अखेरीस किनाऱ्यावरच्या प्रवासी होड्या बंद होतात, आणि दुपारचा वारा त्या महिन्यात फार जोरकस असतो. घरी आल्यावर कालनिर्णयाची पाने उलटून अष्टमीजवळच्या ९ मेच्या शनिवारी मी पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले. चाचांना अजून विचारावयाचे होते.