गाडी विकली आणि गाडीने फिरू लागले

देवगडात ‘गाडी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साठीच्या पुढचं कुणी “गाडी गेली काय?” असं विचारतं, तेव्हा त्यांना एसटी म्हणायची असते. सकाळची गाडी, कणकवली गाडी, वस्तीची गाडी. माझ्या वयाचं, म्हणजे पस्तिशीतलं कुणी “गाडी घेतली का?” विचारतं, तेव्हा मनात चार चाकं, पांढरा रंग आणि बँकेचा हप्ता असतो. दीड वर्षापूर्वी मी दुसऱ्या अर्थाची गाडी विकली आणि पहिल्या अर्थाच्या गाडीने फिरू लागले. जवळच्या कामांना सायकल.

पुण्या-मुंबईत कुणी असं केलं की मागे मेट्रो असते, लोकल असते, फोनवर बोलावली की दारात येणारी रिक्षा असते. इथे तसं काही नाही. पूर्वी मुंबईला जायला आगबोट होती, ती बंद होऊन काळ लोटला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते, पण ती देवगडात येत नाही. ती धरायला नांदगाव किंवा कणकवली गाठावी लागते, आणि कणकवली पन्नासेक किलोमीटरवर. जामसंड्याच्या पुढे मुख्य रस्त्यावरून आत वळलं की दीड किलोमीटरवर आमची वाडी. एका बाजूला कलमांची बाग, दुसऱ्या बाजूला कातळाचा सडा. अशा ठिकाणी घरासमोरची गाडी विकायची म्हणजे लोक आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतात आणि मग कर्जाची.

शेजारच्या काकींनी तर सरळच विचारलं, “गाडी इकलंस गो? नि बापाशीक दवाखान्यात कशी नेतलंस, खांद्यार घेवन?”

प्रश्न बरोबरच होता. त्याचं उत्तर पुढे येईलच.

मी २०२० मध्ये पुण्याहून घरी आले ती परत गेलेच नाही. कंपनीचं हिशेबाचं काम घरून करता येत होतं, आई गेल्यापासून बाबा एकटे होते, आणि बाग कुणीतरी बघायला हवी होती. एक जुनी हॅचबॅक घेतली. तिने मला पुष्कळ दिलं हे नाकारायचं कारण नाही. रात्री आठला कामावरून उठून एकटीने कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर जाऊन बसावं, ही मोकळीक तिने दिली. बाबांना लग्नाकार्याला ऐटीत उतरता आलं. बाई गाडी चालवते हे वाडीतल्या पोरींनी रोज पाहिलं.

मग एका वर्षी, हिशेबनीस असल्यामुळे असेल, मी डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवली. कुठे गेले, किती किलोमीटर, कशासाठी. वर्ष संपल्यावर बेरीज केली. तीन चतुर्थांश फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या आतल्या होत्या: जामसंड्याचा बाजार, देवगडची बँक, पोस्ट, औषधं. लांबच्या फेऱ्या महिन्याला तीन-चार, त्यातल्या बहुतेक कणकवलीच्या. आंब्याच्या पेट्या तर तिच्यातून कधी गेल्याच नाहीत, हंगामात त्यासाठी टेम्पो सांगावाच लागतो. उरलेला वेळ गाडी अंगणात उभी राहून खारी हवा खात होती. दरवाज्यांच्या कडा गंजत होत्या, पावसात उंदरांनी दोनदा वायरी कुरतडल्या. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल मांडल्यावर दिसलं की माझ्या पगारातला एक सबंध महिना दर वर्षी त्या अंगणातल्या सावलीत जातो.

चतुर्थीला आलेल्या एका चाकरमान्याला गाडी हवी होती. त्याने नेली.

सायकलीबद्दल थोडंच सांगते, कारण सायकलीची गाणी गाणारे पुष्कळ आहेत. देवगड सपाट नाही. सडा आणि उतार, उतार आणि सडा. बंदराकडे जाताना तुम्ही राजे असता आणि परतताना हमाल. गिअरची सायकल असूनही एका चढावर मी अजून उतरून चालते. पवनचक्क्या उगाच नाहीत इथे; समोरून वारा असला की सपाट रस्तासुद्धा चढ होतो. एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या आत कामं उरकावी लागतात. जूनपासून रेनकोट, पिशवीला प्लास्टिक, मागे लाल दिवा. विजेच्या सायकलीचाही विचार चालू आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. बाबांच्या वयाच्या माणसांना आणि माझ्या त्या एका चढाला ती बरी.

सायकलीवर पहिले काही महिने लोक थांबून विचारत, “लिफ्ट देऊ?” आमच्याकडे सायकल शाळेतल्या मुलांची आणि ज्यांना दुसरं काही परवडत नाही त्यांची. पस्तिशीतली, नोकरी असलेली बाई सायकलीवर म्हणजे काहीतरी बिनसलंय. आता विचारत नाहीत. विचारेनासे झाले ते मला पटलं म्हणून, की सवय झाली म्हणून, कोण जाणे.

मला खरं काही शिकवलं ते एसटीने.

गाडीत बसून आधी मी माणसं मोजली. सवय. सकाळच्या फेरीला सगळ्यात जास्त मुली. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो. मग बायका, १७ मार्च २०२३ पासून आम्हाला अर्धं तिकीट आहे. मासे विकून परतणाऱ्या दोघी-तिघी रिकाम्या पाट्या घेऊन. मग म्हातारी माणसं, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास मोफत आहे. आणि मग लक्षात आलं की या गाडीत कोण नाही. पंचवीस ते पंचावन्न वयाचे पुरुष जवळजवळ नाहीत. ते सगळे खिडकीबाहेर होते, मोटारसायकलवर, आम्हाला ओव्हरटेक करत. आणि माझ्यासारख्या पगारदार बायकाही नाहीत. तोवर मीही नव्हते.

म्हणजे ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचा फोन सरपंच उचलतो, ते सगळे गाडीच्या बाहेर. ज्यांना पर्यायच नाही ते आत.

एसटीत ‘भारमान’ हा एक शब्द आहे. फेरीत जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याचं प्रमाण. फेरी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना त्याकडे बघितलं जातं. याचं गणित १९७२ मध्ये हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने मांडून ठेवलंय, आणि ते वाचायला अर्थशास्त्र लागत नाही. रस्त्यावर एक मोटार वाढली की बाकीच्या सगळ्यांचा प्रवास थोडा बिघडतो. बसमध्ये प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, थांब्यावर ताटकळणं कमी होतं, आणि आधीपासून बसने जाणाऱ्यांचाही प्रवास सुधारतो. याला आता मोहरिंग परिणाम म्हणतात. हेच चाक उलटंही फिरतं. चार माणसं कमी झाली की फेरी कमी होते, फेरी कमी झाली की आणखी चार जण मोटारसायकल घेतात.

मी अंगणात गाडी उभी केली तेव्हा त्या उलट्या चाकाला माझाही हात लागलेला होता. एका माणसाचा हात केवढा असतो? छोटाच. पण आमच्या संध्याकाळच्या गाडीत एरवी चौदा-पंधरा माणसं असतात. पंधरांत एक म्हणजे छोटा नाही.

चाक पूर्ण थांबलं तर काय होतं हे आम्ही पाहिलंय. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता. कर्मचाऱ्यांच्या मागण्या होत्या, आणि त्यांचे पगार ऐकले की त्या खोट्या वाटत नाहीत. पण ते पाच महिने वाडीत सगळ्यांवर सारखे गेले नाहीत. आमच्या घरी गाडी होती. बातम्या ऐकल्या आणि विसरलो. खालच्या घरातली मुलगी तेव्हा अकरावीला होती. वडील मुंबईला, घरात दुचाकी नाही. काही आठवडे ती कुणाकुणाच्या मागे बसून गेली, मग मावशीकडे जामसंड्याला राहिली. तिला मावशी होती म्हणून बारावी झाली. तिच्या वर्गातल्या एकीला मावशी नव्हती.

आता काकींच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या ऑगस्टमध्ये रात्री एक वाजता बाबांच्या छातीत कळ आली. बाहेर धो धो पाऊस. तिठ्यावरच्या एका रिक्षावाल्यांशी आधीच बोलून ठेवलेलं होतं, रात्री-बेरात्री फोन केला तर येणार म्हणून. ते आले. वीस मिनिटं लागली. ईसीजी नीट निघाला, पित्ताचं होतं. पण ती वीस मिनिटं मी पडवीत उभी राहून काढली, आणि त्या वेळी कुणी मला गाडी परत देऊ केली असती तर दुप्पट पैसे मोजले असते. गाडी विकल्याने फक्त फायदाच झाला असं म्हणणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस नसावं.

सकाळी बाबांना विचारलं, पुन्हा घेऊया का? ते बराच वेळ चहा ढवळत राहिले.

“तू घरात नसलंस तर गाडी काय आपणच चलतली?”

बाबांना चालवता येत नाही. मी महिन्यातून चार दिवस पुण्याला असते. त्या दिवसांत अंगणात गाडी असून त्यांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. रिक्षावाल्यांचा आणि १०८ चा नंबर मात्र होता. आता ते दोन नंबर आणि आणखी एका रिक्षावाल्यांचा, असे तीन नंबर फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेत. काकींच्या भिंतीवरही. त्यांच्या मुलाची गाडी ठाण्याला असते.

कणकवलीच्या डॉक्टरांकडे बाबा आणि मी एसटीनेच जातो. आधी या कामाला अर्धा दिवस लागायचा, आता पूर्ण लागतो. मी सुट्टी टाकते. बाबांना खिडकी लागते आणि रस्ताभर ते मला सांगतात कुठली बाग कुणाची होती आणि आता कुणाची आहे. गाडी चालवताना माझं लक्ष रस्त्यावर असायचं, त्यामुळे हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात वाडीत कुणकुण लागली की संध्याकाळच्या फेरीत माणसं कमी असतात, तर ती बंद होईल. आम्ही अर्ज लिहिला. मी आणि खालच्या घरातली ती मुलगी, जी आता टीवायला आहे, घरोघर फिरलो. त्रेसष्ट सह्या मिळाल्या. कुणी नाही म्हटलं नाही. ज्यांच्या अंगणात दोन-दोन गाड्या त्यांनी तर आधी सही केली, चहा दिला, आणि फेरी बंद होता कामा नये असं कळकळीने सांगितलं.

शेवटच्या घरातून निघताना ती मुलगी म्हणाली, “ताई, यातली दहा माणसं जरी आठवड्यातून एकदा गाडीत बसली ना, तर अर्जच लागायचा नाही.”

अर्ज दिलाय. त्याचं काय होईल ते होईल. पण भारमान सह्यांवरून काढत नाहीत. म्हणून आम्ही दोघींनी त्या त्रेसष्ट जणांची यादी पुन्हा काढली आहे, आणि या आठवड्यापासून त्या घरांत जाऊन फक्त एवढंच विचारतोय: बाजाराला कुठल्या वारी जाता? त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत याल का? आतापर्यंत सहा जण हो म्हणालेत. त्यातले दोघे पुरुष आहेत.