मोटार पाणी सोडते तेव्हा

रब्बीत येणाऱ्या बहुतेक फोनांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, मोटार पाणी सोडून देते." हरभरा पाण्यावर आलेला असतो, कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुललेले असतात. थ्री फेज लाइट आठच तास, त्यातही पाळी पुष्कळदा रात्रीची. मध्येच लाइट गेली की पंप रिकामा होतो. मग बादलीने पुन्हा पाणी भरा आणि पुन्हा खटका दाबा. ऑटो लावलेला असला तर आणखी वाईट. रात्री लाइट येते, मोटार आपली आपण सुरू होते, पंपात मात्र पाण्याचा थेंब नसतो. उजाडेपर्यंत सील जळून गेलेलं असतं.

हे सगळं घडवणारी वस्तू पाण्याखाली, सक्शन पाइपाच्या टोकाला असते. दुकानदार तिला फूट व्हॉल्व म्हणतो, शेतात सगळे फुटबॉल म्हणतात, मीही तेच म्हणतो. बीडाचं घर, खाली जाळी, आत बैठकीवर टेकलेली झडप आणि झडपेला चामड्याचा किंवा रबराचा वायसर, एवढाच तिचा संसार. पंप ओढतो तेव्हा झडप उचलली जाते, थांबला की वरच्या पाण्याच्या भाराने मिटते. तिने नीट मिटायचं, एवढीच अपेक्षा. बोअरमध्ये सबमर्सिबल गेल्या, त्यांना हा त्रास नाही. पण आमच्या जिल्ह्यात विहिरीवरच्या मोनोब्लॉक अजून कमी झालेल्या नाहीत, आणि खडकपूर्णा धरणाच्या बॅकवॉटरला पंप लावणाऱ्यांचंही याच झडपेवाचून अडतं.

माझं ठाम मत आहे की या कामातला मोठा खर्च फुटबॉलचा नसतोच. तो असतो कारण न शोधता पाइप उपसण्याचा. तीन इंची पाइपात मीटरमागे साडेचार लिटर पाणी मावतं. सहा मीटरचा पाइप भरलेला असला तर नुसतं पाणीच सत्तावीस किलो, वर पाइपाचं आणि बीडाचं वजन वेगळं. चार माणसं, दोर, अर्धा दिवस, आणि वर काढल्यावर कळतं की फुटबॉल चांगला आहे, फ्लँजचं पॅकिंग फुटलं होतं. हा दिवस वाचवायचा असेल तर आधी पंपावरच्या, पाणी भरायच्या नरसाळ्याकडे बघावं.

मोटार बंद ठेवायची आणि मेनचे किटकॅट फ्यूज काढून खिशात घालायचे. नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरायचं, बुडबुडे संपू द्यायचे, मग हात न लावता पातळी पाहत बसायचं. पातळी हलली नाही तर झडप धरते आहे. मग पंप चालताना हवा कुठून घेतो ते ग्लँडच्या दोरीत शोधायचं. पातळी उतरत असेल तर सक्शनच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा हात फिरवायचा. भरलेल्या पाइपात दाब बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे सैल सांधा ठिबकतो आणि बोटाला लागतो. एकही सांधा ओला नाही आणि पाणी मात्र खाली चाललंय, तेव्हाच फुटबॉलला दोष द्यावा. घाई असलेल्या माणसाला हे बघत बसणं जड जातं. मी मात्र ते केल्याशिवाय दोराला हात लावत नाही.

फुटबॉल वर आला की लगेच नवा घ्यायला धावायचं कारण नाही. पुष्कळदा झडपेखाली निंबाची काडी, खपलीएवढा मुरूम किंवा गोगलगायीचा शंख अडकलेला असतो. ते काढलं की काम संपतं. कचरा नसेल तर वायसर पाहायचा. चांगल्या वायसरवर बैठकीची वर्तुळाकार खूण सलग उमटलेली असते. ती जिथे तुटलेली दिसते, तिथूनच पाणी जात होतं. रबर नखाने दाबून पाहावं. नख रुततच नसेल तर ते कडक झालंय. नवा वायसर घरी कापता येतो. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर एखादी पाळी काढून देतं, पण ते ताणतं आणि मध्ये खोल बसतं. आतून कापडाचा थर असलेलं जाड रबर शीट घ्यावं, ते थोड्या पैशांत मिळतं. जुना वायसर त्यावर ठेवून खडूने रेघ मारावी आणि धारदार पातीने एका दमात कापावं, म्हणजे कड चिरफाळत नाही. चामडं असेल तर ते गोड्या तेलात रात्रभर मुरवावं. बैठकीची कडी सुटी निघत असेल आणि तिला चरे पडले असतील, तर जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून ती आठच्या आकड्यासारखी फिरवावी. सगळीकडे सारखी चकाकी आली म्हणजे ती सपाट झाली.

मग फुटबॉल विहिरीत सोडण्याआधी वरच तपासायचा. हातभर पाइप जोडून तो उभा बांधायचा, पाणी भरायचं आणि सकाळी पातळी पाहायची. इथे गळला तर पुन्हा उघडायला दहा मिनिटं लागतात, तळाशी गळला तर अख्खी पाळी जाते.

कोकणात बोटीच्या तळाचं काम निघालं की ती भरतीला किनाऱ्यावर आणतात आणि ओहोटीला कोरडी पडली की खालून हात घालतात. आमच्या विहिरीला ओहोटी नाही. म्हणून सगळी तपासणी वरच करून घ्यावी लागते.

घरच फुटलं असेल किंवा बैठक खाऊन गेली असेल तर नवा घ्यावाच लागतो, आणि तिथे पैसे कुठे वाचवायचे ते पाणी पाहून ठरवावं. घाटावर, म्हणजे चिखली-मेहकरकडे, काळ्या दगडातलं पाणी बरं असतं, तिथे बीड वर्षानुवर्षं टिकतं. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तेच बीड खारं पाणी खाऊन टाकतं. तिथे प्लास्टिकचा हलका फुटबॉल स्वस्तही पडतो आणि टिकतोही. त्याची झडप मात्र दुकानातच बोटाने उचलून पाहावी, ती अडखळता कामा नये. सक्शनपेक्षा लहान मापाचा फुटबॉल रिड्यूसर घालून बसवणं ही खोटी बचत. शेती पंपांच्या फूट व्हॉल्वसाठी आय.एस. १०८०५ हे भारतीय मानक आहे. त्याचा शिक्का पाहून घेतलेल्या मालात पाण्याची वाट मोकळी असते.

या मोकळ्या वाटेचं महत्त्व हवेच्या दाबाशी बांधलेलं आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण ते वर ढकलते बाहेरची हवा. इटलीत तोरिचेल्लीने १६४४ साली हे मांडलं. समुद्रसपाटीला हवा पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलते. आमचं घाटावरचं पठार सहाशे मीटरच्या आसपास, तिथे हे जेमतेम साडेनऊ मीटर होतं, आणि प्रत्यक्षात सहा मीटरच्या वर भरवसा धरू नये. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, त्यात फुटबॉल अरुंद किंवा जाळी चोंदलेली, की पंपात खडे भरल्यासारखा आवाज येऊ लागतो. त्या आवाजावर उपाय म्हणून जाळी फोडून टाकणारे मी पाहिलेत. मग खरोखरचे खडे आत जातात आणि इंपेलरची पाती तुटतात. जाळी घासावी, फोडू नये. फुटबॉल तळापासून दीड-दोन फूट वर टांगावा म्हणजे गाळ येत नाही, आणि वर एवढं पाणी ठेवावं की भोवरा पडून हवा शिरणार नाही.

या कामासाठी विहिरीत उतरणाऱ्याविषयी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. विहिरीत इंजिन चाललेलं असेल तर त्याचा धूर तळाशी कोंडतो. कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर खाली उतरू नये हे खरंच, पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली असं समजू नये. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि त्याने दिवा विझत नाही. विहिरीतला धूर पूर्ण निघून जाऊ द्यावा, कमरेला दोर बांधावा, वर दोन माणसं ठेवावीत, आणि खालचा माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये, दोराने ओढावं.

सोयाबीन निघाल्यावर रब्बीच्या पेरणीपर्यंत थोडी उसंत असते. विहिरीला पाणी भरपूर असतं, मोटारीवर ताण नसतो, दुकानात गर्दी नसते. त्याच दिवसांत एकदा नरसाळ्यात पाणी भरून पातळी पाहून घ्या. उतरत असेल तर तेव्हाच वायसर बदला, हरभरा पाण्यावर येईपर्यंत थांबू नका.